पेपर पीसिंग: तुकडा उलटवला की कापड कमी का पडतं?

रेषेवर नेटकी शिलाई घातली, जादा कापड कापलं, तुकडा उलटवून इस्त्री फिरवली आणि कोपऱ्यात कागद उघडा दिसला. नखाएवढाच, पण उघडा. मग उसवा, टाक्यांच्या भोकांनी चाळण झालेला कागद सांभाळा, नवा तुकडा कापा, पुन्हा शिवा. आणि पुढच्याच कोपऱ्यात तेच.

पेपर पीसिंग नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला हा त्रास होतो. मला तो दोन महिने झाला. गोधड्या मी कॉलेजात असल्यापासून शिवते, नागपूरच्या थंडीत घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर माझ्या हातची गोधडी असते, त्यामुळे कापड कमी पडणं ही गोष्ट मनाला फार लागत होती. एकेक कारण शोधत गेले तेव्हा कळलं की चूक एक नाही, तीन-चार आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक मशीनवर बसण्याआधीच होऊन गेलेली असते.

ज्यांनी हे तंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कागदावर नक्षीच्या रेषा छापलेल्या असतात आणि प्रत्येक भागाला क्रमांक असतो. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचं, कागद छापील बाजू वर करून मशीनखाली घ्यायचा आणि छापलेल्या रेषेवरच शिलाई घालायची. एक तुकडा शिवला की उलटवून इस्त्री, मग पुढचा क्रमांक. रेष सरळ असेल तर शिलाईही सरळच येणार, म्हणून हाताने कापून कधी न साधणारी टोकदार चांदणी यात साधते. शेवटी कागद फाडून काढायचा. षटकोनी कागदावर कापड दुमडून हाताने जोडतात ते इंग्लिश पेपर पीसिंग, ते वेगळं. मी बोलतेय ते मशीनवरच्या फाउंडेशन पीसिंगबद्दल. पाया म्हणून कागदाऐवजी कापडही चालतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बायका लॉग केबिन आणि क्रेझी क्विल्ट या प्रकारच्या गोधड्या अशाच जुन्या कापडाच्या पायावर शिवत.

आधी कागद मोजा

माझा नमुना होता उडत्या पाखरांच्या पट्टीचा. एकावर एक त्रिकोण, प्रत्येक पाखरू ४ इंच रुंद, २ इंच उंच, आणि दोन्ही बाजूंना आभाळाचे छोटे त्रिकोण. निम्मे कागद सीताबर्डीला कामाला गेले तेव्हा तिथे छापून घेतले आणि उरलेले घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून. पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर पाखरांची टोकं एका ओळीत येईनात. वाटलं माझी शिलाई सरकतेय. शिलाई उसवली, पुन्हा घातली, फरक तेवढाच राहिला.

पुन्हा छापायला गेले तेव्हा मुलगा संगणकावर काय करतो ते मुद्दाम उभं राहून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, फिट टू पेज करून देऊन राहिलो, नाहीतर बाजूनं कापल्या जाईल." कारण तिथेच सापडलं. तो त्याच्या परीने माझं भलंच करत होता.

बाहेरून आलेले बरेचसे नमुने अमेरिकन लेटर कागदासाठी आखलेले असतात. तो कागद २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ मिलिमीटर उंच. आपला ए-फोर २१० रुंद आणि २९७ उंच. म्हणजे आपला कागद उंचीला जास्त आहे पण रुंदीला ६ मिलिमीटर कमी. 'फिट टू पेज' केलं की संगणक ती रुंदी बसवायला सगळा नमुना साधारण ९७ टक्क्यांवर आणतो, आणि प्रिंटरने कडेची कोरी जागा सोडली तर त्याहूनही खाली. ६ इंचांचा ब्लॉक, म्हणजे नक्षीचा एक चौकोन, ९७ टक्क्यांवर ५.८२ इंच होतो. साडेचार मिलिमीटर गेले. एका ब्लॉकमध्ये हे डोळ्याला दिसत नाही. चार ब्लॉक ओळीने जोडले की पाऊण इंचाच्या आसपास तफावत येते, आणि आपण मशीनला दोष देत बसतो.

म्हणून छापताना 'ॲक्चुअल साइज' किंवा १०० टक्के असंच सांगायचं. नमुन्याच्या कडेला बहुतेक वेळा एक इंचाचा चौकोन दिलेला असतो. नसेल तर कुठलीही एक लांब रेष किती इंचांची असायला हवी ते माहीत करून घ्या आणि दुकानातच पट्टी लावून मोजा. पैसे देण्याआधी. चौकोन उभा मोजा आणि आडवाही मोजा, कारण काही मशीन एकाच दिशेने किंचित ताणतात. छापलेल्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स अजिबात काढू नका, प्रत्येक वेळी थोडा फरक पडत जातो. एका गोधडीचे सगळे कागद एकाच ठिकाणी, एकाच बैठकीत छापून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. दोन-चार जास्तच घ्या.

आता मुख्य दुखणं

कागद बरोबर आला तरी कोपरे उघडे पडायचे काही थांबेनात. एका दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी आयुष्यभर वाकळा शिवल्या आहेत. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अवं पोरी, चिंधी उलटी कायले ठेवून राहिली तू?"

त्या प्रश्नात माझ्या सगळ्या उसवण्याचं कारण होतं. आपल्या गोधडीत चिंधी सुलट बाजू वर करून ठेवतात. खाली जुनी साडी किंवा धोतर अंथरलेलं, त्यावर चिंधी जिथे दिसायला हवी तिथेच ठेवायची, कडा बोटाने आत मुडपायच्या आणि धावदोरा घालत जायचा. ठेवली तिथेच ती राहते. डोळा आणि हात पिढ्यान्‌पिढ्या याच सवयीचे. पेपर पीसिंगमध्ये चिंधी सुलट बाजू खाली करून ठेवायची असते आणि शिवल्यावर ती दाराच्या फळीसारखी रेषेभोवती फिरून पलीकडे जाते. मी काय करत होते? त्रिकोणाची जागा बघायची आणि त्या जागेवर नीट बसेल असा तुकडा तिरपा करून ठेवायचा. शिवायच्या आधी तो छान झाकायचा. उलटवला की भलतीकडेच जायचा.

सरळ पट्ट्यांमध्ये, म्हणजे लॉग केबिनसारख्या नमुन्यात, हे लक्षातच येत नाही, कारण पट्टी उलटली तरी पट्टीच राहते. तिरपी रेष आली की तुकड्याचा कोपरा रेषेच्या एका बाजूला जितका ज्या कोनात असतो तितकाच आरशातल्यासारखा दुसऱ्या बाजूला पडतो. मग एका टोकाला कापड उतू जातं आणि दुसऱ्या टोकाला कागद उघडा.

यावर उपाय एकच आहे आणि तो कधीही टाळायचा नाही. शिवण्याआधी उलटवून बघायचं.

तुकडा ठेवला की शिलाईच्या रेषेवरच, रेषेला समांतर, दोन टाचण्या लावा. आडव्या लावू नका, नाहीतर तुकडा फिरणार नाही. मग तुकडा हाताने उलटवा, शिवल्यावर जसा बसेल तसा, आणि सगळा कागद खिडकीच्या काचेवर धरा. उजेडात छापलेल्या रेषा कापडातून दिसतात. त्या भागाच्या चारी बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड, बाहेर दिसली तर उत्तम. एखाद्या कोपऱ्यात कमी दिसली तर टाचण्या काढा, तुकडा थोडा फिरवा, पुन्हा उलटवा. तीस सेकंद लागतात. गडद कापड असेल तर रेषा दिसत नाहीत. तेव्हा भागाच्या प्रत्येक कोपऱ्यातून टाचणी आरपार घालायची आणि ती कापडातून निघते की हवेतून ते बघायचं.

दुसरी सवय कात्रीची. मी शिलाई झाली की लगेच जादा कापड कापून टाकायचे, मग उलटवायचे. हा क्रम उलटा करा. शिलाई झाली, उलटवलं, उजेडात बघितलं, सगळं झाकलं गेलं याची खात्री झाली, तरच परत मागे घेऊन माया पाव इंचावर कापा. कापलेलं परत जोडता येत नाही, शिवलेलं उसवता येतं.

तुकडा ठेवायला पुरेशी कड मिळावी म्हणून पुढची शिलाई जिथे पडणार ती रेष आधीच दुमडून घ्यावी. मी जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कार्ड वापरते. कार्डाची कड रेषेवर ठेवायची, कागद त्यावर मागे मुडपायचा, म्हणजे आधीच्या तुकड्याचं कापड बाहेर डोकावतं. घडीपासून पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, मोजून ते कापायचं. आता नव्या तुकड्याची सरळ कड या कापलेल्या कडेला तंतोतंत लावायची. नजरेने अंदाज करायचा प्रश्नच उरत नाही. यासाठी खास पट्ट्या मिळतात, पण साध्या प्लास्टिकच्या पट्टीला पाव इंचावर चिकटपट्टीचा थर देऊन माझं काम वर्षभर चाललंय.

तुकडे किती मोठे कापायचे, हा पुढचा प्रश्न. कापड वाचवायची आपली वृत्ती चांगली आहे, पण शिकताना तुकड्याला सगळ्या बाजूंनी अर्धा-पाऊण इंच जास्त द्या. पाखराच्या बाजूचा आभाळाचा त्रिकोण तयार झाल्यावर २ इंचांचा असतो. साध्या हिशेबाने पावणेतीन इंचांहून जरा मोठा चौकोन कर्णावर कापला तरी पुरतो. मी साडेतीन इंचांचा घेते. चौकोन कर्णात कापण्याचा एक फायदाही आहे. कापलेली तिरपी कड उरेब असते, म्हणजे ताणली जाते, आणि ती शिलाईत बंद होते. सरळ धाग्याच्या कडा बाहेर राहतात. पाखराच्या मोठ्या त्रिकोणाला मात्र लांब कड सरळ धाग्यावर हवी, म्हणून चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे. त्याला मी ६ इंचांचा चौकोन घेते. हे पाळलं नाही तर कागद काढल्यावर पट्टीची कड लाटेसारखी होते.

टोक कापलं जातं, त्याचं काय?

कापड पुरलं तरी पाखराचं टोक पुढच्या शिलाईत गिळलं जातं, ही दुसरी तक्रार. शिलाई रेषेवरच आहे ना हे आधी कागदाच्या बाजूने बघा. ती बरोबर असेल तर दोष जाडीचा असतो. टोकापाशी दोन-तीन माया एकावर एक येतात, आणि कापड उलटताना घडीत एखाद-दोन धागे खर्च होतात. शिलाई टोकाच्या बरोबर मध्यातून न नेता एका धाग्याने मायेच्या बाजूला न्यायची, आणि उलटवताना तुकडा नखाने शिलाईपर्यंत पूर्ण मागे ओढून मग इस्त्री. अर्धवट ओढलेल्या तुकड्यावर इस्त्री फिरली की तिथे बारीक चूण पक्की होते आणि पुढची सगळी मापं तेवढी सरकतात. माझ्या पहिल्या पट्ट्यांमध्ये अशा चुणी जागोजागी सापडल्या.

टाका आणि सुई

टाका नेहमीपेक्षा बारीक हवा, १.५ ते १.८ मिलिमीटर. नव्या मशीनवर आकडा मिलिमीटरमध्ये असतो. पायाच्या काळ्या मशीनवर दांडीशेजारचे आकडे मशीनप्रमाणे बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. चिंधीवर शिवा आणि एका इंचात किती टाके पडले ते मोजा. १४ ते १७ पडायला हवेत. टाके मोठे असतील तर कागद फाडताना दोरा ओढला जातो आणि शिवण सैल पडते. फार बारीक असतील तर कागद शिवतानाच टपाल तिकिटासारखा फाटतो, आणि उसवणं तर जवळजवळ अशक्य.

सुई १४ नंबरची घ्या. तिचं भोक मोठं पडतं, कागद सहज सुटतो. कागदाने सुई लवकर बोथट होते, म्हणून कागदाची सुई वेगळी ठेवा आणि तीच सुई नंतर मलमलीवर वापरू नका. शिलाई रेषेच्या तीन-चार टाके आधी सुरू करा आणि तितकीच पुढे न्या, पुढची आडवी शिलाई तिला बंद करते. मागे-पुढे करून गाठ मारायची गरज नाही.

इस्त्री, कागद आणि आपलं हवामान

वाफेची इस्त्री बंद. कागद वाफेने फुगतो, वाळताना आखडतो, आणि छापलेलं माप हलतं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मी कूलरसमोर बसून शिवत होते. कूलरच्या ओल्या हवेत कागद पापडासारखा नरम पडला, त्यावर कडक इस्त्री फिरली आणि कडा वाकल्या. सकाळी शिवलेल्या आणि दुपारी शिवलेल्या पट्टीत दोन मिलिमीटरचा फरक आला. तेव्हापासून उन्हाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते, लागेल तेवढाच बाहेर काढते, आणि शिवायला सकाळी लवकर, कूलर लावायच्या आधी बसते. पावसाळ्यातही पिशवी लागतेच.

झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची शाई उष्णतेने वितळते. छापील बाजूवर थेट इस्त्री ठेवली तर काळे ओघळ इस्त्रीला लागतात आणि तिथून पांढऱ्या कापडावर. इस्त्री नेहमी कापडाच्या बाजूने करायची आणि कागदाखाली जुनं धोतर अंथरायचं, खालच्या चादरीवर डाग नको म्हणून. इस्त्री घासायची नाही, उचलून दाबायची.

कागद कोणता? साधा ८० जीएसएमचा चालतो, पण फाडताना हट्टी असतो. त्याहून पातळ मिळाला तर बरं. फाडण्याच्या सोयीसाठी शिवायच्या आधीच सगळ्या रेषांवर एकदा घडी घालून ठेवते. वर्तमानपत्र घेऊ नका, त्याची शाई कापडाला लागते.

कापडाबद्दल एकच सांगते. गांधीबाग-इतवारीत कॅम्ब्रिक आणि पॉपलीन दोन्ही मिळतं, तिथे हात लावून घट्ट विणीचं सुती निवडा आणि धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. जुन्या साड्यांचे तुकडे गोधडीत मला प्राणापलीकडे प्रिय आहेत, पण झिजलेली मऊ साडी या तंत्रात सरकते. तिला खळ द्या, वाळवा, मग वापरा. आजीच्या नऊवारीचा काठ मी असाच पाखरांमध्ये बसवला आहे.

नमुना आरशासारखा उलटा येतो हेही ध्यानात असू द्या. पाखरांना फरक पडत नाही. अक्षरं किंवा एका दिशेचं पान असेल तर छापतानाच उलटं छापून घ्या.

कागद कधी काढायचा

घाई करू नका. पट्टी तयार झाली की पाव इंच माया धरून कागदासकट कडा कापा आणि कागद तसाच ठेवा. शेजारची पट्टी जोडल्यावरच त्या कडेचा कागद काढा, तोवर तो उरेब कडांना धरून ठेवतो. काढताना डाव्या अंगठ्याने शिलाई दाबून धरायची आणि कागद शिलाईपासून तिरपा ओढायचा, वर नाही. कोपऱ्यात अडकलेले कण चिमट्याने निघतात.

दोन पट्ट्या जोडताना टोकाला टोक जुळवायचं असेल तर एका कागदाच्या कोपऱ्यातून टाचणी सरळ घालून दुसऱ्या कागदाच्या त्याच कोपऱ्यातून काढा. ती उभी टाचणी तशीच ठेवून दोन्ही बाजूंना दोन टाचण्या लावा आणि मगच उभी काढा. मशीनवर आधी फक्त जुळणीच्या जागी, इंचभर, ४ मिलिमीटरचा मोठा टाका घालते. उघडून बघते. टोकं जुळली असतील तर त्यावरूनच बारीक टाक्याची पूर्ण शिलाई. नसतील जुळली तर तो इंचभर दोरा एका झटक्यात निघतो आणि कागद शाबूत राहतो. बारा पट्ट्यांपैकी चार मला अशा दोनदा जुळवाव्या लागल्या, पाचवी तिसऱ्यांदा जुळली. काल काकू गच्चीत उन्हाला घातलेली गोधडी बघायला आल्या तेव्हा ती पाचवीच त्यांनी बोटाने चाचपून पाहिली, टोकापासून टोकापर्यंत, आणि विचारलं, "हे कागदावर शिवायचं मले कधी शिकवतं?"

त्यांच्यासाठी १०० टक्क्यांवर छापलेले चार कागद पिशवीत काढून ठेवले आहेत.